वजनकाटा अडतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. वजन कमी करण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया केल्यावर हृदयाचे काय होते, असे कोणी विचारले की मला माझ्याकडे येणाऱ्या एक शिक्षिकाबाई आठवतात.

शस्त्रक्रियेला तीन महिने झाले होते, वजन २४ किलोंनी उतरले होते, तरीही बाई समोर बसल्या त्या रडवेल्या होऊन. एका वहीत त्यांनी दर सोमवारचे वजन लिहिले होते आणि शेवटचे तीन सोमवार तोच आकडा होता. "डॉक्टर, एवढं सोसून काटा अडलाच ना?" असे म्हणून वही मिटता मिटता, सकाळी उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, हेही त्यांनी सांगितले. घरच्यांनी ती खाणे कमी झाल्याची अशक्तता मानली होती. मी झोपवून रक्तदाब मोजला, वरचा आकडा ११२ आला. उभे करून मोजला, तर ८६. मग पिशवीतल्या औषधांच्या पट्ट्या टेबलावर मांडायला सांगितल्या. रक्तदाबाच्या तिन्ही गोळ्या शस्त्रक्रियेपूर्वीच्याच मात्रेत चालू होत्या! शरीराची गरज उतरली होती, गोळ्या उतरल्या नव्हत्या; आणि मागच्या भेटीत केवळ वजन विचारून बाईंना परत पाठवणारा डॉक्टर मीच होतो, याची खंत मला आजही आहे. लघवी वाढवणारी गोळी त्याच दिवशी थांबवली, दुसरीची मात्रा निम्मी केली, आणि आठवड्याभरात अंधारी गेली. वर्षाने इको, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाची तपासणी, केली, तेव्हा हृदयाच्या डाव्या कप्प्याची जाड झालेली भिंत १३ मिलिमीटरवरून ११ वर आली होती.

म्हणून सांगतो, काटा अडला म्हणजे हृदयाचा लाभ अडला असे नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले २०१० आणि नेहमीचे उपचार घेणारे २०३७ लोक होते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत हृदयविकार व पक्षाघात यांसारख्या कारणांनी झालेले मृत्यू पहिल्या गटात २८, तर दुसऱ्यात ४९ होते, आणि किती किलो उतरले याच्याशी त्या लाभाचा थेट संबंध आढळला नाही. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, त्यामुळे सगळा फरक शस्त्रक्रियेचाच असे ठामपणे म्हणता येत नाही, हे ध्यानात ठेवायला हवे. रक्तदाब, रक्तातील साखर आणि झोपेत श्वास अडकणे, या तिन्हींचा भार हलका होतो, हे मात्र आम्ही रोज पाहतो. या उपचाराला 'सोपा मार्ग' म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो; वर्षानुवर्षे प्रयत्न करून थकलेल्या माणसाला आपण आणखी लाज का वाटायला लावावी?

धोकाही सांगितलाच पाहिजे. त्याच अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांत पाच जण दगावले. पुढे लोह आणि बी-१२ यांच्या तपासण्या जन्मभर कराव्या लागतात. आणि रक्तदाब, रक्तदाबच म्हणतो आहे मी, पहिल्या काही महिन्यांत घरीच बसून आणि मग उभे राहून मोजावा, आकडे तारखेसह लिहावेत, आणि डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्याव्यात. मनाने मात्र एकही गोळी बंद करू नये. त्या बाईंच्या वहीत आता वजनाशेजारी रक्तदाबाचे दोन रकाने आहेत, आणि भेटीला आल्या की मी आधी तेच वाचतो.