‘एक कान चांगला आहे ना!’

ऑडिओग्रामचा, म्हणजे मुलाच्या श्रवणचाचणीचा, कागद पालकांच्या हातात ठेवला की बहुतेक वेळा एकच वाक्य कानावर येतं: ‘मॅडम, पण एक कान चांगला आहे ना!’ बरेच डॉक्टरही वर्षानुवर्षं हेच सांगत आले. मूल बोलतं, हाक मारली की बघतं, मग काळजी कशाची? तुम्ही सगळे शिक्षक आहात आणि एकाच कानाने ऐकू येणारी अशी मुलं तुमच्याच वर्गात बसतात, म्हणून आज मला त्या मुलांच्या मेंदूविषयी बोलायचं आहे.

उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानात किंचित उशिरा पोहोचतो. हा उशीर जास्तीत जास्त किती, तर सेकंदाचा साधारण दीड हजारावा भाग. आणि मेंदूला यातला किती फरक कळतो? सेकंदाचा एक लाखावा भागसुद्धा! शिवाय डोकं मध्ये आल्यामुळे लांबच्या कानात आवाजाचा जोरही थोडा कमी होतो. या दोन फरकांवरूनच आवाजाची दिशा ठरते आणि गोंगाटातून हवा तो आवाज वेगळा काढता येतो. दोन्ही कानांची ही तुलना मेंदूच्या देठात, सुपीरियर ऑलिव्ह नावाच्या पेशींच्या पुंजक्यात सुरू होते. तिथून पुढे वर जाताना बरेचसे तंतू बाजू बदलतात, म्हणून उजव्या कानातल्या आवाजाला डावा अर्धमेंदू जास्त जोरात प्रतिसाद देतो. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांनी १९९८ साली एका कानाने बहिऱ्या असलेल्या लोकांचे एमआरआय पाहिले, तेव्हा हा डाव्या-उजव्यातला फरक त्यांच्यात खूपच कमी दिसला. चालू कानाने दोन्ही बाजूंवर जवळपास सारखाच ताबा मिळवला होता.

हे केव्हा घडतं, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. त्याचं मला सगळ्यात जास्त पटलेलं उत्तर घुबडांकडून मिळालं आहे. पडक्या वाड्यांत राहणारं, पांढऱ्या चेहऱ्याचं गव्हाणी घुबड आपल्याकडेही दिसतं. मिट्ट काळोखात फक्त कानांच्या भरवशावर ते उंदीर पकडतं. अमेरिकेत एरिक नुडसेन यांनी १९८०च्या दशकात या घुबडांच्या एका कानात बोळा घातला. लगेच घुबडाची दिशा चुकायला लागली, ते उघड्या कानाच्या बाजूला वळायचं. पण पिल्लं काही आठवड्यांत स्वतःला सुधारायची आणि बोळा तसाच असतानाही अचूक वळायची. मग बोळा काढला, तर ती उलट्या बाजूला चुकायची! म्हणजे मेंदूने आपला हिशोब खरोखरच नव्याने मांडला होता. मोठ्या घुबडांना मात्र हे साधलं नाही. कोवळ्या वयातला मेंदू समोर जे येतं त्यानुसार घडतो, आणि ते वय निघून गेलं की घडण पक्की होते.

जर्मनीत हॅनोव्हरच्या आंद्रेय क्राल यांच्या गटाला जन्मतः एका कानाने बहिऱ्या असलेल्या पांढऱ्या मांजरांत तेच दिसलं: मेंदू चालू कानाकडे झुकतो, आणि बहिरेपण जितकं लवकरचं तितका हा झुकाव जास्त. माणसाच्या मुलांचं काय? टोरांटोच्या कॅरन गॉर्डन यांनी दोन्ही कानांनी बहिऱ्या मुलांचा अभ्यास केला. एका कानात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने बसवलेलं आणि कानाच्या नसेला थेट विजेचे संकेत देणारं यंत्र, बसवल्यावर दुसऱ्यासाठी दीड वर्षापेक्षा जास्त थांबलं, तर मेंदू पहिल्या कानाचाच होऊन बसतो, असं त्यांना २०१३ मध्ये दिसलं. श्रवणाच्या भागापलीकडे, लक्ष देण्याशी संबंधित भागांतही काही एमआरआय अभ्यासांना फरक सापडले आहेत. हे अभ्यास लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी नेहमी जुळत नाहीत, म्हणून त्यावर मी फार भार देणार नाही.

भार द्यायचा तो वर्गावर. अमेरिकेत बेस आणि थार्प यांनी १९८४ मध्ये नोंदवलं, की एका कानाने बहिऱ्या किंवा कमी ऐकू येणाऱ्या त्यांच्याकडच्या मुलांपैकी सुमारे ३५ टक्के मुलं निदान एका इयत्तेत नापास झाली होती. २०१० मध्ये ज्युडिथ ल्यू यांनी अशा मुलांची तुलना त्यांच्याच भावंडांशी केली. घर तेच, आईवडील तेच, तरी भाषेच्या चाचणीत ही मुलं मागे होती. घरात शांततेत त्यांना सगळं ऐकू येतं. वर्गात डोक्यावर पंखा, खिडकीबाहेर रिक्षा, शेजारी कुजबुज. त्यातून तुमचं वाक्य वेचता वेचता त्यांची सगळी ताकद तिथेच संपते. मग चौथ्या तासाला ते मूल शून्यात बघत बसतं आणि आपण वहीत ‘लक्ष नसतं’ असा शेरा लिहितो. अशी मुलं ओळखता येतात. हाक मारल्यावर ती आधी चारी दिशांना बघतात. फोन दुसऱ्या कानाला लावून दिला, की न बोलता तो पुन्हा पहिल्याच कानाकडे नेतात.

नवजात बाळाला ऐकू येतं का, हे बघणारी ओएई चाचणी काही मिनिटांत होते. ती दोन्ही कानांची वेगवेगळी करून घ्यायला हवी आणि एक कान ‘पास’ झाला म्हणून फाइल बंद करू नये. गालगुंडांमुळे एक कान कायमचा जाऊ शकतो. सरकारी वेळापत्रकातल्या एमआर (गोवर-रुबेला) लशीत गालगुंडांविरुद्धचा भाग नाही, म्हणून तो भाग असलेल्या एमएमआर लशीबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचारायला पालकांना जरूर सांगा. आणि कुणाचाही कान अचानक बंद झाला, तर मळ असेल म्हणत तेल घालत बसू नका. काही दिवसांतच स्टेरॉइड सुरू झालं तर ऐकू येणं परतण्याची आशा जास्त असते.

उपाय आहेत. क्रॉस नावाचं यंत्र बंद बाजूचा आवाज चालू कानात पोहोचवतं. त्याने सोय होते, पण मेंदूला तुलनेसाठी दुसरा कान मिळत नाही. तो मिळतो कॉक्लिअर इम्प्लांटने, अर्थात कानाची नस शाबूत असेल तरच, म्हणून आधी एमआरआय. एका कानाच्या बहिरेपणासाठी अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने त्याला २०१९ मध्ये मान्यता दिली. आपल्या २०१६च्या दिव्यांग कायद्यातली श्रवणदोषाची व्याख्या मात्र दोन्ही कानांवर बेतलेली आहे. ती बदलायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

तोवर तुमच्या हातात आहे ते करा. त्या मुलाला पुढच्या बाकावर, चालू कान तुमच्याकडे आणि वर्गाकडे येईल असं बसवा. उजवा कान बंद असेल तर त्याच्या उजव्या हाताच्या भिंतीला. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. आणि चालू कान दरवर्षी तपासून घ्यायला त्याच्या पालकांना आठवण करा.