आखणी

पेण, जिल्हा रायगड. इथल्या गणपतीच्या कारखान्यांत एका मूर्तीवरून अनेक हात फिरतात. आपलं काम कुठे संपलं, हे प्रत्येक हाताला ठरवावं लागतं.

हा साचा. शाडू अंगठ्याने दाबून बसवायचा, भाग जोडायचे, साचा सोडवायचा. मग कोरणी. सोंडेचं वळण, बोटांमधल्या फटी साफ होतात. माती ओली असते तोवर अजून थोडं कोरावं, असा मोह फार. पण बोट बारीक झालं की वाळताना तडकतं. त्याआधी हात काढून घ्यायचा.

शेजारच्या हमरापूर, जोहे या गावांतून कितीतरी मूर्ती अशाच बिनरंगी ट्रकमध्ये चढतात. त्यांना म्हणतात कच्च्या मूर्ती. कोरणाऱ्याचं काम पुरं झालंय, रंगाऱ्याचं अजून सुरूही व्हायचंय.

अंगाचा रंग, गालावर शेडिंग, पीतांबर, शेला, मुकुटाचं सोनेरी. एवढं सगळं होऊनही मूर्ती अजून कुणाकडे बघत नाही.

आता आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. हे काम कारखान्यात कुणाच्याही हाती देत नाहीत. आधी पांढरा, मग बुबुळ, त्यात काळी बाहुली, पापणीची रेघ, भुवई. हा हात बघा, मनगट जरासुद्धा हलत नाही. बाहुली केसभर वर गेली तर नजर समोरच्याच्या डोक्यावरून जाते. खाली उतरली तर देव पेंगलेला दिसतो. म्हणून आखणारा मधेच उठतो, मागे सरकतो आणि पूजेला बसणारा माणूस जिथे बसेल, तिथून बघतो. पुन्हा एक रेघ. पुन्हा मागे. नजरेला नजर मिळाली की बाहुलीत पांढरा ठिपका, आणि ब्रश पाण्यात. यापुढची प्रत्येक रेघ बिघडवणारीच, हे ओळखायला वर्षं जातात. रंग स्प्रेने भराभर चढेल, नजर तशी चढत नाही. कारागिरीचा खरा मान इथे आहे.

पुढे घरी प्राणप्रतिष्ठेच्या वेळी दूर्वेने देवाच्या डोळ्यांना तूप लावतात. ते काम यजमानाचं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई होती; त्या बनवण्या-विकण्यावरची बंदी २०२५ मध्ये उठली. शाडू पाण्यात विरतो, प्लास्टर तसंच राहतं. शाडूची मूर्ती हवी असेल, तर मागणी खूप आधी नोंदवा. तिला सावलीत वाळायला दिवस लागतात आणि चतुर्थी तोंडावर आली की आखणाऱ्याला मागे सरकून बघायलाही उसंत उरत नाही.