वरसईच्या भटजींबरोबर झाशीला

मित्रहो, प्रवासाला निघताना बरोबर कोणतं पुस्तक घ्यावं, असं मला बरेच जण विचारतात. मी सांगतो, जिथे जायचं तिथे पूर्वी कुणी पायी जाऊन आलं असेल आणि त्याने लिहून ठेवलं असेल, तर ते घ्या. झाशीला जाताना मी विष्णुभट गोडशांचं ‘माझा प्रवास’ घेतलं होतं.

गोडसे पेणजवळच्या वरसईचे. भिक्षुकी करणारं घर, डोक्यावर कर्ज. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातल्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार अशी बातमी कोकणात आली. दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, या आशेने १८५७ साली काका रामभटांबरोबर ते उत्तरेला निघाले. महूच्या वाटेवर त्यांना शिपाई भेटले. लवकरच मोठी गडबड होणार आहे, पुढे जाऊ नका, असं ते सांगत होते. तरी हे दोघे पुढे गेले. आपल्याकडे आजही नोकरीसाठी परमुलखात गेलेला माणूस असाच वागतो. रिकाम्या हाताने घरी तोंड कसं दाखवायचं, हा घोर त्याला जिवाच्या भीतीपेक्षा मोठा वाटतो.

मार्च १८५८मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला आणि एप्रिलच्या सुरुवातीला शहर पडलं. गोडसे तेव्हा शहरातच होते. कत्तल, जाळपोळ, लपून काढलेले दिवस, लुटारूंनी हिसकावलेली कमाई, सगळं त्यांनी लिहिलं आहे. राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची धूळधाण लिहिताना त्यांना झालेलं दुःख तर वाचवत नाही. पोथ्यांवर ज्याचं पोट आणि जीव दोन्ही आहे, अशा माणसाचं ते दुःख आहे.

पण मी ज्या पानाशी पुन्हा पुन्हा जातो ते पुढचं आहे. झाशी सुटल्यावर काल्पीच्या बाजूला वाटेतल्या एका विहिरीपाशी त्यांना राणी लक्ष्मीबाई भेटतात. धुळीने माखलेल्या, तहानेने कासावीस. गोडसे त्यांच्यासाठी पाणी काढायला पुढे होतात, तर बाई त्यांना थांबवतात. तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते, असं म्हणून त्या स्वतः मडक्याने पाणी काढतात आणि ओंजळीने पितात. आपण खरं म्हणजे अर्धा शेर तांदळाच्या धनी, म्हणजे तेवढ्यावर भागणारी एक विधवा, असंही त्या बोलतात. सगळं हरलेली, मागे फौज लागलेली बाई, आणि त्या घटकेलाही समोरच्याचा मान राखते. राणीचे अश्वारूढ पुतळे मी गावोगाव पाहिले आहेत. मला ती कळली या विहिरीपाशी.

झाशीत मी किल्ला पाहिला, ‘कडक बिजली’ तोफ पाहिली, राणी महालात गेलो. महालात आता जुन्या मूर्ती मांडून ठेवल्या आहेत. तिथल्या पाट्यांवर लढायांची माहिती भरपूर आहे. शहरातल्या साध्या माणसांनी त्या दिवसांत काय खाल्लं, कुठे लपले, पाणी कुठून आणलं, हे मात्र मला बरोबरच्या पुस्तकातच वाचावं लागलं. भर उन्हात तटाच्या सावलीला बसून मी ती पानं वाचली आणि खालच्या गल्ल्या पाहत राहिलो.

तेव्हापासून माझं घरातल्या जुन्या वह्यांकडे लक्ष जाऊ लागलं. माझे वडील प्रवासाला निघाले की खर्च टिपून ठेवायचे. हमाली, टांगा, दोन चहा, देवळात दक्षिणा, आईसाठी काचेच्या बांगड्या. पूर्वी मी त्या वह्या रद्दीतल्याच धरत होतो. आता वाटतं, त्या काळचं पंढरपूर किंवा नाशिक मला दुसरं कोण इतकं जवळून दाखवणार? तुमच्या घरी अशा वह्या असतील तर, कळकळीने सांगतो, रद्दीत घालू नका.

आणि गोडसे? दक्षिणेची कमाई गेली ती गेलीच. घरी आणली ती खांद्यावरून वाहिलेली गंगेच्या पाण्याची कावड. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातलं. कर्जापायी निघालेल्या मुलाचा हा प्रवास मला म्हणूनच वाया गेलेला वाटत नाही.

पुस्तक घ्यायचं असेल तर एक सांगतो. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी ते छापलं, पण मजकुरात बरेच बदल करून. पुढे दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून १९६६मध्ये आवृत्ती काढली. ती शोधा. तिच्यातली भाषा सुरुवातीला अडते, पण नेटाने पुढे गेलात की भटजी स्वतः बोलायला लागतात.