मरव्याचा भाऊ

(दृश्य : जाड, लवदार पान बोटांत चुरडलं जातंय.)

हे पिझ्झावर भुरभुरतात ते ऑरेगॅनो नाही. नर्सरीत मात्र ते याच नावानं मिळालं. कुंडीवर तशी चिठ्ठीसुद्धा होती. घरी आणून पान चुरडलं, तर नाकात थेट भज्यांचा वास! पानओवा. पावसाळ्यात बेसनात बुडवून तळतो, तोच. फसगत होण्यासारखीच आहे म्हणा, कारण कार्व्हॅक्रॉल आणि थायमॉल ही वासाची द्रव्यं दोघांच्याही तेलात असतात. वास जवळचा, झाड वेगळं.

(दृश्य : गॅलरीच्या कठड्याशी छोटं, पसरट झुडूप. सकाळचं ऊन.)

खरं ऑरेगॅनो हे. पान नखाएवढं, पातळ. उजेडाकडे धरलं तर त्यावर बारीक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. खोड चौकोनी, कारण कूळ तुळशीचं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं 1753 साली याला ओरिगॅनम व्हल्गेर हे शास्त्रीय नाव दिलं. घर भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ, कोरड्या उतारांवर. हिमालयातही हे रानात उगवतं. आणि आपल्याकडे? आपल्याकडे याचा सख्खा भाऊ कधीचा नांदतोय. अबोलीच्या गजऱ्यात मधूनमधून हिरवी, सुगंधी पानं गुंफतात ना, तो मरवा. ओरिगॅनम माजोराना. वंश एकच.

आता कबुली. माझं पहिलं झाड मीच मारलं. सकाळी तुळशीला पाणी घालायचे, तेव्हा जाता जाता यालाही तांब्याभर. जूनमध्ये पाऊस सुरू झाला, तरी कुंडी उघड्यावरच. खालची पानं पिवळी पडली. मला वाटलं, तहानलंय, म्हणून आणखी पाणी! शेवटी कुंडी उपडी केली, तर मुळं तपकिरी, बोटांत धरली की साल सुटून हातात येणारी, आणि मातीला कुबट वास.

(दृश्य : रिकामी कुंडी. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा.)

म्हणून आता माती आधी. दख्खनची काळी माती कपाशीला भली, याला नाही. ती पाणी धरून बसते आणि वाळली की दगड होते. निम्मी साधी लाल माती, उरलेल्यात जाड वाळू आणि मूठ-दोन मूठ गांडूळखत. खताचा हात आखडताच ठेवायचा. भरपूर खत घातलं की झाड लुसलुशीत दिसतं, पण पानाला वासच उरत नाही. कुंडी मातीची, आठ-दहा इंची, तळाला मोकळं भोक. ऊन रोज पाच-सहा तास तरी हवं. पाणी कधी? बोट पेरभर मातीत खुपसायचं. ओल लागली, तर तांब्या खाली ठेवायचा. एवढंच, पण हेच जमत नाही. आपल्याला झाडावर माया करायची म्हणजे पाणीच घालायचं माहीत!

पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली, भिंतीला लागून, पण उजेडात आणि हवेशीर जागी. कोकणात तर याला पर्यायच नाही.

बी धुळीसारखं असतं. मातीवर नुसतं भुरभुरायचं, पुरायचं नाही, कारण रुजायला त्याला उजेड लागतो. पण मी बियांच्या नादी लागत नाही. ओळखीच्या कुणाकडून काडी मागून आणते. फुलं न आलेली, चार बोटं लांबीची. खालची पानं काढून ओलसर वाळूमातीत खोचायची आणि सावलीत ठेवायची. लावायला ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. पाऊस सरलेला असतो आणि पुढे थंडीभर झाड फोफावतं.

(दृश्य : कात्री. शेंडा खुडला जातो.)

वीतभर वाढलं की शेंडे खुडायचे. जीव होत नाही, माहीत आहे. पण एक शेंडा खुडला की त्याखाली दोन फुटतात. नाही खुडले, तर झाड काटकुळं होतं आणि आडवं पडतं. कळ्या दिसायच्या आत कापणी केली, तर पानं सर्वांत चवदार मिळतात. तरी मी एक फांदी फुलू देते. त्या इवल्याशा फुलांवर मधमाश्या येतात, त्यांच्यासाठी.

कापलेल्या काड्या कागदावर पसरून घरातच सावलीत वाळवायच्या. उन्हात वाळवल्या, तर तेल उडून जातं. पान चुरचुरीत झालं की काडीवरून बोटं उलटी ओढायची. सगळी पानं खाली. कोथिंबीर वाळली की बिचारी होते. हे वाळलं की आणखी तिखट होतं. स्वयंपाकघराच्या खणात पिझ्झाबरोबर आलेली पाकिटं पडलेली असतात ना, त्यांच्यावरचं बारीक अक्षर एकदा वाचा. पुष्कळदा त्यात मीठ आणि लसूणही निघतं. आमच्याकडे हे घरचं ऑरेगॅनो टोमॅटो ऑम्लेटवर पडतं. पिझ्झा काय, वर्षातून दोनदा.

(दृश्य : भाद्रपद. बाहेर सर. ताटात पत्रीची जुडी.)

गणपतीच्या एकवीस पत्रींमध्ये मरवाही असतो. यंदा जुडी सोडली, तेव्हा त्यातली एक काडी बाजूला ठेवली. ऑरेगॅनोचं पान एका हातात, मरव्याचं दुसऱ्या हातात चुरडून पाहिलं. हा झणझणीत, तो गोडसर. मग काडीची खालची पानं काढली आणि शेजारच्या कुंडीत खोचली.

(दृश्य : तीच काडी, तीन आठवड्यांनंतर. दोन बोटं तिला हलकेच वर ओढतात.)

येत नाहीये. मुळं धरलीत.