कळल्यानंतरचे दोन तास

श्रोतेहो, नमस्कार. कंपनी कशी आहे हे भिंतीवरच्या फलकावरून कळत नाही. चूक सांगायला गेलेल्या माणसाचं तिथं काय होतं, त्यावरून कळतं.

मी पगार विभागात होतो. एका महिन्यात रात्रपाळीचा ओव्हरटाइम माझ्या हातून शीटमधून सुटला. फाइल बँकेत गेली आणि चारच्या सुमाराला ते माझ्या लक्षात आलं. आधीचे साहेब चुकलेल्याला भर मीटिंगमध्ये उभं करायचे. ती धास्ती अंगात मुरलेली. दोन तास मी गप्प बसलो. फाइल उघडायचो, बंद करायचो. सहाला नव्या मॅडमच्या केबिनमध्ये गेलो, तेव्हा हात कापत होते.

"तुम्हाला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"चारला."

"तेव्हाच सांगितलं असतं, तर फाइल परत मागवता आली असती." थोडं थांबून म्हणाल्या, "चूक कशी झाली ते उद्या बघू. हे दोन तास का लागले, ते आधी सांगा."

मी सांगितलं. सगळं सांगितलं.

रात्री पाळी बदलताना त्या स्वतः खाली कारखान्याच्या शॉप फ्लोअरवर गेल्या, मलाही नेलं. म्हणाल्या, "ओव्हरटाइम तीन दिवस उशिरा जमा होईल. शेवटची सही माझी आहे, काय बोलायचं ते मला बोला." माझं नाव त्यांनी घेतलंच नाही.

चूक लगेच सांगता यावी यासाठी टोयोटाच्या कारखान्यांत दोरीच ठेवली होती. दोष दिसला की कामगारानं ती ओढायची. वेळेत दुरुस्ती झाली नाही तर गाड्या बनवायची लाइन थांबायची. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना 1982 साली बंद पडला. 1984 मध्ये टोयोटाच्या भागीदारीत, याच पद्धतीनं तो पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतेक जुनेच, पण दर्जा सुधारला, गैरहजेरी घटली. माणसं तीच होती, श्रोतेहो. माणसं तीच.

आणि "आपण सगळे एक कुटुंब" हे वाक्य मला पटत नाही. घरच्या माणसाला राजीनामा द्यावा लागत नाही. पगार वेळेवर द्या, सुट्टीच्या दिवशी फोन करू नका. मला तेवढं पुरतं.

तर, त्या रात्रीचं सांगायचं राहिलं. मॅडम वळल्या, तेवढ्यात मागून एक ऑपरेटर पुढं आला. म्हणाला, "मॅडम, चार नंबरच्या मशीनचं गार्ड महिनाभर सैल आहे. सांगू का नको, असं चाललं होतं."