अंगणातला डेक: किट आणू की स्वतः बांधू?

नमस्कार मंडळी! आज मागीलदारी बसून बोलतोय, कारण ज्याच्यावर बसलोय त्या डेकचीच, म्हणजे फळ्यांच्या उघड्या ओट्याचीच गोष्ट आहे. (कॅमेरा खाली, फळ्यांवर.) हा कोपरा बघा, गुळगुळीत, चॉकलेटी. तो विकतच्या तयार किटचा. बाकीचा करडा दिसतोय तो आपल्या किंजळीच्या लाकडाचा, मी स्वतः बांधलेला. कोपरा मुद्दाम ठेवलाय, माझी हौस मला किती महागात पडली त्याची आठवण म्हणून.

दोन वर्षांपूर्वी मी अख्खं किट मागवलं होतं. डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक एकत्र करून काढलेल्या फळ्या, आतून पोकळ. सोबत क्लिपा, स्क्रू आणि फळ्यांखाली घालायच्या दीड इंच उंचीच्या पट्ट्या. एका रविवारात बसवून झालं. आई म्हणाली, "हॉटेलासारखं वाटतं रे." एप्रिलमध्ये मात्र दुपारी अनवाणी पाय टेकवेना. आणि एक दिवस माडावरून नारळ पडला. पोकळ फळी ती, खचली. एक फळी बदलून मागितली तर कळलं, तो रंगच बंद झालाय. आता लाकडाची फळी असती तर वखारीतून तेवढीच आणली असती ना?

पण खरा घोटाळा पावसात झाला. आपल्या कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. दीड इंचाच्या सापटीत पाचोळा अडकला, पाणी तुंबलं, आणि खालची माती ऑक्टोबरपर्यंत ओलीच. किट वाईट होतं असं मी म्हणत नाही. गच्चीवर, सपाट स्लॅबवर घालायचं असेल तर खुशाल आणा, मीही आणेन. पण किट तुम्हाला जमिनीच्या वरचं देतं, आणि कोकणात डेक सडतो तो खालून. खालचं काम कुठल्याच खोक्यात येत नाही.

म्हणून मी प्रश्न असा विचारतो: खालून हवा कशी खेळणार आणि पाणी कुठे जाणार?

हा डेक बारा बाय दहा फुटांचा. खाली जांभ्याच्या चिऱ्यांचे बारा ठोकळे, तीन ओळी, ओळीत चार. जोत्याच्या उंचीला येईल असा धरला, म्हणजे खाली दीड फूट मोकळं. लेव्हल पाइपने पाणी बघून ठोकळे सारखे केले, घरापासून बाहेर आठ फुटांना एक इंच उतार दिला. जांभा पाणी पितो हे तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा लाकूड थेट त्याच्यावर टेकवू नका. मी टायरच्या जुन्या रबरी ट्यूबचे तुकडे घातलेत मध्ये. त्यावर तीन तुळया, आणि तुळयांवर वासे, सोळा-सोळा इंचांवर एक. फळ्यांमध्ये पाच मिलिमीटरची फट, तेवढ्या जाडीचा खिळा मध्ये धरून.

घराला डेक जोडलेला नाही, चांगली वीतभर जागा सोडलीय. एक तर वाळवी मातीच्या नळ्या करून वर चढते, तिला घरात शिरायला पूल मिळत नाही. दुसरं म्हणजे पागोळ्या. चार महिने त्या एकाच ओळीत पडतात, तिथे फळी घातलीत तर तिथूनच कुजायला सुरुवात होईल.

लाकडाचा हिशोब सांगतो, वखारीत गोंधळ नको. एक इंच जाडीची फळी एकशेवीस चौरस फुटांना १० घनफूट. दोन बाय चार इंचांचे दहा फुटी दहा वासे, साडेपाच. तीन बाय चारच्या बारा फुटी तीन तुळया, ३. झाले साडेअठरा. तुटफूट धरून २० घनफूट सांगा. सागाचा गाभा सगळ्यात टिकाऊ, पण खिसा बघा. ऐनाचं लाकूड स्वस्त, पण आधी भोक पाडल्याशिवाय स्क्रू मारलात तर चिरलंच म्हणून समजा. कुठलंही लाकूड असो, पांढरा रसाचा भाग नको, आतला गाभा मागा. पावती जपून ठेवा. आणि ओलं लाकूड लगेच ठोकू नका, मध्ये पट्ट्या घालून सावलीत रचून ठेवा, दिवाळीनंतर सुरू केलंत तर मे महिन्यापर्यंत निवांत वेळ आहे.

स्क्रूंवर मात्र कंजुषी नको. (मुठीतले स्क्रू दाखवून.) हा किटमधला, स्टेनलेस म्हणून दिलेला. बघा, तांबडा. समुद्राच्या खाऱ्या हवेत ३०४ नंबरच्या स्टीलवर असे चहासारखे डाग चढतात. ३१६ घ्या, त्यात मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो, म्हणून ते मीठ सोसतं. चुंबक लावून फरक कळत नाही. बोल्टच्या डोक्यावर 'ए४' कोरलेलं असतं, ते बघा. 'ए२' म्हणजे ३०४.

कापलेल्या टोकांना तेल हवंच, कारण लाकूड पाणी पितं ते टोकाकडून. आमच्याकडे होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावतात, तेच मी लावलं. हातमोजे घाला. मी घातले नव्हते, आठवडाभर बोटांची सालं निघत होती.

शेवाळ आलं की आपण सवयीने ब्लीचिंग पावडर टाकतो, ती इथे टाकू नका. चांगलं स्टीलसुद्धा क्लोरीनने खराब होतं. हिराचा खराटा आणि पाणी, बस.

आता जरा खाली डोकावून बघू. दर पंधरा दिवसांनी बॅटरी घेऊन वाकतो मी. (कॅमेरा फळ्यांखाली.) ठोकळे दिसतायत? हा पहिला स्वच्छ. दुसरा स्वच्छ. तिसरा... थांबा. ही मातीची बारीक नळी दिसतेय का, चिऱ्यावरून वर चढलेली? गेल्या खेपेला नव्हती. तुळईला पोचायला चार बोटं राहिलीत. कोणीतरी कोयती द्या रे इकडे.