पहाटे साडेपाचचं हसू

(अंधार. पडद्यावर काहीच नाही, फक्त टाळ्या.)

एक-दोन, एक-दोन-तीन. एक-दोन, एक-दोन-तीन.

(हळूहळू दिसू लागतात पांढरे बूट, नऊवारीचा काठ, एक काठी.)

मे महिन्यातला पहिला रविवार, म्हणजे जागतिक हास्य दिन. पश्चिम नागपुरातली ही बाग. या दिवसांत इथे मोकळ्यावर जे काही करायचं ते उन्हं वर येण्याआधी उरकावं लागतं. ४७ अंशांच्या पलीकडे गेलेला पारा या शहराने पाहिलेला आहे. म्हणून या हास्य क्लबाची मंडळी साडेपाचलाच गोल करून उभी.

टाळीची पद्धत बघा. तळव्यावर तळवा, बोटांवर बोटं, हात पूर्ण उघडे. त्यावर ताल धरायचा: हो-हो, हा-हा-हा. मग हात वर नेत लांब श्वास, आणि सोडताना हसू. हसू येत नसलं तरी चालतं, नुसता आवाज काढायचा. दोन मिनिटांत समोरच्याचा चेहरा बघून खरं हसू फुटतं. आमच्या कॅमेरामनला चाळीस सेकंदच लागले, म्हणून पुढचं दृश्य थोडं हललेलं आहे.

आता सिंहहास्य. जीभ पूर्ण बाहेर, डोळे मोठे, पंजे पुढे. एरवी सुनेसमोर पदर सावरून बोलणाऱ्या या काकू इथे जीभ हनुवटीपर्यंत काढतात.

हे लस्सीहास्य: या हातातल्या ग्लासातून त्या ग्लासात. हास्ययोग करणारे देशभर हे करतात. पण नागपूरकरांनी उन्हाळ्यापुरता त्यात आपला बदल केला आहे. बादली उचलायची, कूलरमध्ये पाणी ओतायचं, बटण दाबायचं. पंप चालत नाही. बाजूला एक थाप मारायची. चालला! वाळ्याच्या जाळीतून पहिली गार झुळूक आली की दोन्ही हात पसरून हसायचं. ज्याच्या घरी खरोखर कूलर बिघडला आहे, तो सगळ्यात मोठ्याने हसतो, असं क्लबातले एक काका म्हणतात.

(काका, कॅमेऱ्याकडे: "हसाले कारण कायले पायजे जी? रडाले कोणी कारण शोधते का?")

या कारण नसलेल्या हसण्याची गोष्ट मुंबईची. १३ मार्च १९९५ ला डॉ. मदन कटारिया यांनी लोखंडवाला भागातल्या एका बागेत पाच जणांना जमवलं. सुरुवात विनोदांनी झाली. एकाने मधे उभं राहायचं, चुटका सांगायचा, बाकीच्यांनी हसायचं. दोनेक आठवड्यांत चांगले विनोद संपले. मग कोणाला तरी झोंबणारे आणि चावट विनोद निघायला लागले, आणि तक्रारी आल्या. क्लब तिथेच बंद पडला असता. कटारियांनी विनोदच काढून टाकला. हसण्याचा नुसता व्यायाम करायचा, गटात, एकमेकांच्या डोळ्यांत बघत. आज हे क्लब शंभराहून अधिक देशांत आहेत.

रक्तदाब, झोप, गुडघे यांवर हसण्याचा काय परिणाम होतो, याबद्दल इथल्या प्रत्येकाचं ठाम मत आहे. गोळ्या मात्र कोणी बंद केलेल्या नाहीत. आणि मागच्या गल्लीतून आवाजाची तक्रार आल्यापासून शेवटची पाच मिनिटं मौनहास्य असतं.

(मौनहास्य. वीस माणसं, तोंडं बंद, खांदे हलताहेत. निवेदन नाही.)

उजवीकडून तिसऱ्या, पांढऱ्या साडीतल्या मावशी. गेल्या दिवाळीनंतर यायला लागल्या. पहिले दोन महिने नुसत्या टाळ्या वाजवायच्या.

(मावशींचा चेहरा. दृश्य लांबू द्यावं.)

नागपूरला हसणं ठरवून करण्याची सवय जुनीच. ही दृश्यं मागल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची. मारबत म्हणजे मिरवत नेऊन जाळायचा बाईचा मोठा पुतळा. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत अख्खं जुनं शहर रस्त्यावर येतं. पण आमचा कॅमेरा खिळला तो बडग्यांवर. वर्षभरात ज्याने ज्याने छळलं, मग ती महागाई असो, भ्रष्टाचार असो, नाहीतर एखादा पुढारी, त्याचा पुतळा करायचा, गळ्यात पाटी लटकवायची आणि ढोलताशात मिरवत न्यायचं. पाट्या वाचून माणसं पोट धरून हसतात. खांद्यावरचं हे पोर बघा. त्याला पाटीतलं अक्षर कळत नाही, बाप हसला की तेही हसतं. शेवटी पुतळे जाळतात. महागाई पुढल्या वर्षी परत येते, बडग्याही येतो.

(पुन्हा बाग. सात वाजले आहेत.)

क्लब संपला तरी घरी कोणी जात नाही. सगळे फाटकाबाहेरच्या ठेल्यावर. पातेल्यात चन्याचा रस्सा रटरटतो आहे, वर बोटभर लाल तर्री. पोह्यांवर आधी चना, मग तर्री, मग कांदा. या क्लबातला कोण कांदा खात नाही, हे ठेलेवाल्या भाऊंना पाठ आहे. चार दिवसांच्या शूटिंगमध्ये भाऊ एकदाही हसले नाहीत. आम्ही प्रयत्न केले.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी लोकांच्या गप्पा चोरून ऐकून हसण्याच्या नोंदी केल्या होत्या. माणूस एकट्यापेक्षा चारचौघांत ३० पटींनी जास्त हसतो, आणि बहुतेक वेळा विनोदाला नाही, अगदी साध्या वाक्याला हसतो, असं त्यांना दिसलं. आता हे ऐका.

(काकू: "पोरगं उठलं असन का?"
काका: "रविवार हाय, तो काहून उठते?"
सगळे हसतात.)

यात विनोद कुठे आहे, ते आम्हाला संपादनाच्या टेबलावरही सापडलं नाही.

(पांढऱ्या साडीतल्या मावशी प्लेट पुढे करतात: "भाऊ, तर्री द्या नं अजून थोडी." भाऊ वर न बघता पळी बुडवतात. दोन पळ्या. मग तिसरी.)